नवशिक्या जादूगाराचे सहा मंत्र

आश्रुबांनी जादूगार व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं आणि गुडघे त्याहून म्हातारे. चाळीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली होती, बालाघाटाचा कडा वर्षातून दोनदा पायाखाली घातला होता. शेवटी गुडघ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा कळप विकून पाच शेळ्या तेवढ्या दाराशी ठेवल्या. मग हातात वेळ आला, आणि वेळ घालवायला त्यांनी लेकीचा खेळ धरला.

लेक म्हणजे सत्यशीला. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पुण्यात शिकत असताना होस्टेलवर ती हा खेळ शिकली होती. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा एक फासा आणि गोष्ट सांगणारा एक सूत्रधार एवढं पुरतं. सूत्रधार म्हणतो, तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर तमुक आहे. खेळणारे आपापल्या पात्राचं काय ते सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सत्यशीलानं सगळे नियम मराठीत उतरवले होते, मंत्रांची नावंसुद्धा. दर रविवारी दुपारी घाटनांदूरच्या बाजारात, आदिनाथच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत खेळ बसायचा. ती सूत्रधार, आदिनाथ आणि त्याची बहीण सायली खेळणारे. आश्रुबा दोन महिने नुसते भिंतीला टेकून ऐकत बसले. मधे एकदाच बोलले. सत्यशीला पुठ्ठ्याच्या आड फासा टाकत होती, तेव्हा म्हणाले, "फासा झाकून टाकशील तर तो खेळ न्हाई शिले, ती लबाडी हाय. टाक समद्यांदेखत." तिनं पुठ्ठा काढून टाकला तो कायमचा.

आणि मग एका शनिवारी, डिसेंबरातल्या उन्हात, वस्तीवर लिंबाखाली बाजेवर बसून ते म्हणाले, "उद्या मला बी एक माणूस दे. जादूगार."

"योद्धा घ्या नाना. सोपा असतो. जादूगाराला लई लक्षात ठेवावं लागतं."

"चारशे मेंढरं वळखत होतो मी. तुझे मंतर किती?"

नवशिक्या जादूगाराच्या वहीत सहा मंत्र असतात. यादीत तीस. त्यातले सहा निवडायचे, आणि पहिल्या दिवशी निवडलेल्यांवरच पुढचे सगळे दिवस काढायचे. सत्यशीलानं यादी वाचायला घेतली. आश्रुबा डोळे मिटून ऐकत होते, बाजारात जनावराच्या पाठीवरून हात फिरवत दात मोजावेत तसे.

"राखण. झोपायच्या जागेभोवती न दिसणारी दोरी. कुणी ओलांडली की मालकाला जाग येते."

"घे. ही असती तर धारूरच्या रानात लांडग्यानं सात कोकरं न्हेली नसती."

"जनावराची बोली."

"ती येती मला. पर घे, त्यांना बी माझी कळूंदे."

सांधणं घेतलं, कारण मोडलेलं जोडता येणं कधी वाया जात नाही. गुंगी घेतली, धुकं घेतलं. अग्निबाणाला मात्र मान हलवली.

"नाना, एक तरी मारायचा मंत्र पाहिजेच. नाहीतर पहिल्या लढाईत मराल."

"जाळायला मंतर कावून लागतोय? काडीपेटी हाय की. ते उजेडाचं काय म्हणलीस? ते लिही. रानात अंधारात पयलं काय लागतंय माणसाला?"

असे सहा झाले. त्यात मारणारा एकही नाही. सत्यशीलाला हसू येत होतं. तिनं शेवटची ओळ खोडरबरानं पुसली आणि 'उजेड' होतं तिथे 'अग्निबाण' लिहिलं. "उजेडाला मंत्र वाया घालवू नका. टेंभा मिळतो विकत."

आश्रुबांनी वही हातात घेऊन पुसलेल्या जागेवर अंगठा फिरवला. "बरं. तू सूत्रधार. तू म्हणशील तसं." मग शेळ्यांना पाणी दाखवायला उठले. संध्याकाळी मेथीची भाजी आणि भाकरी झाली. त्यांनी जादूगाराचं नाव काय ठेवावं यावर अर्धा तास घालवला आणि शेवटी काहीच ठरलं नाही. दिवस असा गेला. पुढे तिला त्यातलं एकही वाक्य विसरता आलं नाही, पण त्या दिवशी त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं.

रविवारी परळीला भाच्याच्या मुलाचा साखरपुडा होता. आश्रुबा मोपेडवर गेले. परस्पर माडीवर येतो म्हणाले. वही पिशवीत घेतली होती, पाव्हण्यांना दाखवायला. पण तिथेच उशीर झाला, परत येताना दिवस मावळला, आणि उताराच्या वळणावर मोपेड रस्त्यातल्या दगडांवर गेली.

दगड बारा होते. गाडी रस्त्यात बंद पडली की ड्रायव्हर तिच्या मागेपुढे दगड मांडतात, वर बाभळीची फांदी टाकतात, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळावं. गाडी दुरुस्त होते, निघून जाते. दगड राहतात. परळीच्या वीजकेंद्रातली राख वाहणाऱ्या गाड्यांनी त्या रस्त्याच्या दोन्ही कडा करड्या करून टाकल्या आहेत, त्याच कडांवरून उचललेले ते दगडही करडे होते, रस्त्याच्याच रंगाचे. आश्रुबा वीस मिनिटं पडून होते, असं नंतर कळलं. पंचनाम्यात लिहिलं की वाहनाचा दिवा मंद होता आणि चालकाचा ताबा सुटला. दिवा मंद होता हे खरं. दगड कुणाचे, असं कुणी विचारलं नाही. रस्त्यावरचे दगड कुणाचे नसतातच.

अंगद नावाचा आदिनाथचा मावसभाऊ आहे. तिशीचा, अंगानं भरलेला, स्वतःचा टिप्पर चालवतो, परळीची राख वीटभट्ट्यांना पोचवतो. त्या रात्री सरणाची लाकडं त्यानंच टिप्परमधून आणून टाकली. कुणी सांगायच्या आत. खांदा दिला. दहाव्याला पत्रावळी उचलायलाही होता. सत्यशीलानं त्याच्यापुढे हात जोडले होते. "भाऊ नाही मला," ती म्हणाली होती, "तू भावासारखा उभा राहिलास." अंगद काही बोलला नव्हता. तिला वाटलं होतं, संकोच.

फेब्रुवारीत एका सकाळी ती स्टँडवर अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत होती. सिदू मिस्त्री तिथे आला. त्याचं गॅरेज स्टँडला लागूनच. हात पुसत पुसत जवळ येऊन म्हणाला, "ताई, नानांचं लई वाईट झालं. अन् बघा नशीब, त्याच दिवशी दुपारी मी तिथंच गेलतो. अंगदच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलता त्याच वळणाला. दोन घंटे लागले. निघताना मी म्हणलं बी त्याला, बे, दगडं तरी बाजूला सार. तर म्हणला, राहू दे बे, दुसऱ्याच्या कामाला येतील."

बोलता बोलता सिदू थांबला. आपण कुणाला काय सांगतोय हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई, माझं नाव घेऊ नका. त्याच्या गाडीवर माझं निम्मं गॅरेज चालतंय. पोलिसात बोलावलं तर मी म्हणणार, मला काय ठावं न्हाई."

गाडी आली. सत्यशीला चढली, खिडकीशी बसली, तिकीट काढलं. अंबाजोगाईपर्यंत तिनं एकच गोष्ट पुन्हापुन्हा केली. हात जोडलेले आठवले, आणि ते मनात सोडवले. पुन्हा जोडले गेले, पुन्हा सोडवले.

तिनं सुडाच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या होत्या. त्यातला सूड घेणारा बहुतेक वेळा आधी बोलून फसतो. म्हणून ती बोलली नाही. घरी दोन महिने वही तशीच पडून होती, पिशवीसकट. एका रविवारी ती त्या वळणावर गेली. आठ दगड कडेला ढकललेले होते, चार कुठे गेले कळलं नाही. तिनं नारळाएवढा एक उचलला, पिशवीत घातला आणि घरी आणला. धुतला नाही.

मार्चमध्ये आदिनाथचा फोन आला. "ताई, खेळ पुन्हा चालू करू. नानांना बी आवडलं असतं. अन् एक, आपला अंगद यायचं म्हणतोय. दोनतीनदा विचारलं त्यानं. त्याला जादूगार खेळायचाय."

"येऊ दे," सत्यशीला म्हणाली.

माडीवर पंखा घरघरत होता. खाली झेरॉक्सचं यंत्र कागद ओढत होतं. अंगद पांढरा शर्ट घालून आला होता, केसांना पाणी लावून, जणू मुलगी बघायला आलाय. सायलीनं त्याला बघून भुवया उडवल्या. "दादा, इथं राख भरायची नसती, डोकं लागतंय."

"तुझं चालतंय तर माझं पळंल," अंगद म्हणाला. मग सत्यशीलाकडे बघून आवाज खाली आणला. "ताई, बऱ्या हाव का?"

"बरी आहे. बस."

आदिनाथनं कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. मग सहज म्हणाला, "ताई, नानांचा जादूगार तयारच हाय की. ती वही देऊन टाका अंगदला. बिचारा एकदा बी खेळला न्हाई तो."

सत्यशीलानं पेन्सिलीला टोक काढलं. टोक झालं होतं तरी काढत राहिली. "ती वही बंद झाली," ती म्हणाली. "अंगदला नवीन करू. मी स्वतः करून देते."

"तेच बरं," अंगद घाईनं म्हणाला. "नानांचं राहू द्या."

तिनं यादी उघडली. "सहा मंत्र निवडायचे. नीट ऐक."

"ताई, मला काय कळतंय त्यातलं? तुमीच निवडा. तुमी माझं वाईट थोडंच करताव."

सायली हसली. आदिनाथ चहा ओतत होता. सत्यशीलानं लिहायला घेतलं, आणि लिहिताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं. अग्निबाण. वीज. आम्लाचा फवारा. विषारी धूर. भयकंप. हाडं गोठवणारा हात. एकेक वाचून दाखवत होती, आणि अंगदचे डोळे मोठे होत होते.

"लई भारी. सगळे मारायचेच?"

"तुला शोभतील असे."

ढाल तिनं वाचली नाही. राखण वाचली नाही. पडताना पिसासारखं हलकं करणारा एक मंत्र असतो, नवशिक्याला कुणीही तो घ्यायला सांगेल. ती तो बोट न थांबवता ओलांडून गेली. सायलीनं मान पुढे काढून यादी बघितली. "ताई, एक बी जीव वाचवायचा मंतर न्हाई ह्याला."

"जादूगार त्याचा आहे," सत्यशीला म्हणाली. "त्याला चालतंय का विचार."

"चालतंय," अंगद म्हणाला. मग डोकं खाजवून, "फकस्त एक. अंधारात दिसायचं काय करायचं? उजेडाचा काही हाय का त्यात?"

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. पंखा फिरत होता. "टेंभा मिळतो विकत," ती म्हणाली.

हे वाक्य आपल्याच तोंडून दुसऱ्यांदा ऐकताना तिला वाटलं, जीभ कापून टाकावी. पण आवाज जागचा हलला नाही.

"नाव काय ठेवतोस जादूगाराचं?"

"जालीम," अंगद म्हणाला, आणि आदिनाथच्या नाकातून चहा आला.

गोष्ट तिनं महिनाभर रचली होती. डोंगरापलीकडच्या गावाला एक निरोप पोचवायचा. तिघं घोड्यांवर निघाले. वाटेत नदी, एक बोलका कावळा, नाक्यावरचा लाचखाऊ शिपाई. शिपायाला जालीमनं वीज दाखवली तेव्हा माडी हसून दणाणली. अंगद चांगला खेळत होता. ते तिला आवडलं नाही. तो मन लावून ऐकायचा, दुसऱ्याला आधी बोलू द्यायचा, फासा टाकण्याआधी फुंकर मारायचा. त्याच्या उजव्या हाताच्या नखांत करडी राख होती.

मग ती म्हणाली, "सायलीचा घोडा लंगडतोय. निरोप आज पोचला पाहिजे. एकानं पुढे जावं लागेल."

"मी जातो," अंगद म्हणाला. तो जाणार हे तिला माहीत होतं. पुढे होऊन लाकडं आणणारा माणूस तो.

"दिवस मावळलाय. उतार आहे, पुढे वळण. तुला समोरचं दिसत नाही."

"टेंभा लावतो."

"वाऱ्यात टेंभा काजव्याएवढा झालाय. फासा टाक. पंधराच्या वर पाहिजे."

चार पडला.

सत्यशीला बोलू लागली. आवाज चढवला नाही. "रस्त्यात दगड आहेत. बारा. माणसाच्या डोक्याएवढे, ओळीत मांडलेले. वर राख बसलीय, म्हणून रस्त्याचाच रंग झालाय. घोड्याचा पाय पहिल्या दगडाला लागतो. तू पुढे फेकला जातोस. डोकं तिसऱ्या दगडावर. घोडा आडवा पडून पाय झाडतोय. रस्त्यावर दुसरं कुणी नाही."

खालचं झेरॉक्सचं यंत्र थांबलं होतं. सायलीनंच विचारलं, कारण तिला खरोखरच माहीत नव्हतं. "असे मधेच दगड कुणी ठेवले?"

"एका गाडीवानानं. दुपारी त्याच्या गाडीचं चाक मोडलं होतं. दुरुस्त झालं, तो गेला."

"अन् दगडं तशीच? कसला माणूस म्हणायचा हा."

"राहतेत तशी," आदिनाथ म्हणाला. "आपल्याकडं कोण उचलतंय." मग त्याला काहीतरी जाणवलं, आणि त्यानं बहिणीच्या पायाला टेबलाखालून पाय लावला. नाना कसे गेले ते माडीवर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सत्यशीला अंगदकडे बघत होती. तिला एवढंच बघायचं होतं. त्याला माहीत आहे, की नाही. जर नसेल, तर तिच्या सुडाला अर्धाच माणूस सापडणार होता. अंगदनं वर बघितलं नाही. त्याचा हात मानेमागे गेला आणि तिथेच राहिला. शर्टाच्या काखेत ओल आली होती. तो म्हणाला, "ताई, खेळात राख कुठनं आली?"

"वाऱ्यानं."

त्याला माहीत होतं. पहिल्या रात्रीपासून. कुणी सांगायच्या आत लाकडं आली, ती म्हणून आली होती.

"जालीम मेला का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही. नियम असा आहे. मरणाच्या दारात फासा टाकायचा. दहाच्या खाली आला की एक श्वास गेला. तीन श्वास गेले की संपलं. टाक."

सहा.

"माझ्याकडं दवा हाय," सायली घाईनं म्हणाली. "मी जाते त्याच्याकडं."

"तू मागे आहेस. लंगड्या घोड्यावर पोचायला वीस मिनिटं लागतील."

"वीस मिनिटं?"

"वीस. टाक, अंगद."

तीन. आदिनाथनं जिभेनं च्यक केलं. अंगदनं फासा उचलला, पण टाकेना. मुठीत धरून बसला. पहिल्यांदा फुंकर मारली नव्हती, दुसऱ्यांदाही नाही, आत्ताही मारली नाही. सत्यशीलाचा पाय टेबलाखालच्या पिशवीला लागला. आत तो दगड होता. जालीम मेला की तो दगड त्याच्या मंत्रांच्या कागदावर ठेवायचा, एक शब्द न बोलता, आणि जिना उतरून जायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्यानं तो दगड ओळखावा. पुढच्या प्रत्येक रविवारी, प्रत्येक खेपेला, प्रत्येक वळणावर ओळखावा. बस एवढंच.

"टाक," ती म्हणाली.

फासा कागदांच्या गठ्ठ्याला आपटला, चहाच्या कपाला लागून फिरला आणि टेबलाच्या मधोमध थांबला. सगळ्यांदेखत.

वीस.

आदिनाथनं टेबलावर हात मारला. "उठला बे! वीस म्हणजे सरळ उठून उभा. ताई, हाय ना तसं?"

"आहे," सत्यशीला म्हणाली. नियम तिनंच उतरवला होता. वीस पडला तर मरणारा उठून बसतो. हजारांत एखाद्याचं असं होतं असं नाही. विसात एकाचं होतं. नानांना एवढंही मिळालं नव्हतं. पुठ्ठा असता तर हा फासा तिनंच त्याच्या आड टाकला असता, झाकला असता, काहीही सांगितलं असतं. पुठ्ठा नव्हता, कारण भिंतीला टेकून बसणारा एक म्हातारा लबाडी नको म्हणाला होता.

अंगदनं श्वास सोडला. लांब, पोटातून आलेला. डोळे पुसले आणि ओशाळं हसला. "वाचलो," तो म्हणाला. "ताई, वाचलो मी."

त्या हसण्यात सुटका होती. खेळातली नव्हे. जणू कुठल्यातरी पंचनाम्यातून त्याचं नाव कायमचं खोडलं गेलं होतं, आणि खोडणारी तीच होती.

सत्यशीला वाकली. पिशवीतून दगड काढला आणि फाशाच्या शेजारी ठेवला. टेबलावर राखेचा बारीक धुरळा उठला आणि बसला. सायलीनं आधी दगडाकडे बघितलं, मग भावाकडे, मग अंगदकडे. अंगदचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, काढायला विसरल्यासारखं.

"उठू नकोस," ती म्हणाली. "तू वाचलास. फाशात पडलं ते मला मान्य आहे. पण नाना ज्यांच्यावर पडले ते दगड तुझे होते, अंगद. तू मांडलेस आणि तू सोडून गेलास. आणि नानांचा उजेड मी पुसला, ते माझं मी बघेन. तुझं तू ऐक. दुसऱ्याच्या कामाला येतील म्हणालास ना? आले. आमच्या आले."